किडनीतला पांढरा ठिपका आणि अर्धवट भरलेली पिशवी

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणापासून विडी, मग सिगारेट. अँजिओप्लास्टी झाल्यावर सोडली. गेल्या दोन महिन्यांत दोनदा लघवी लाल झाली, दिवसभर राहिली आणि आपोआप थांबली. दुखलं नाही, आगही झाली नाही. उष्णता असेल म्हणून घरी सब्जा आणि नारळपाणी सुरू केलं. सोनोग्राफीत उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला १८ मिलिमीटरची 'हायपरएकोइक', म्हणजे पडद्यावर पांढरी दिसणारी, गाठ दिसली, 'बहुधा अँजिओमायोलायपोमा' (चरबी असलेली साधी गाठ) असं लिहिलंय आणि सीटीचा सल्ला दिलाय. मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. गाठ चरबीची आहे, तर सीटी कशाला? किडनीचा किंवा लघवीच्या मार्गाचा कॅन्सर सोनोग्राफीत ओळखता येतो का? आणि आम्ही भावंडांनीही तपासून घ्यावं का?

तुम्ही पाठवलेल्या अहवालात किडनीच्या मजकुराखाली आणखी एक ओळ आहे, तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही: 'मूत्राशय अर्धवट भरलेले, दिसले तेवढे सामान्य.' ठाण्यात बरीच वर्षं सोनोग्राफी करते आहे. लघवीतून रक्त गेलेल्या माणसाचा कागद हातात आला की माझी नजर आधी या ओळीवर जाते. गाठ सापडली म्हणून सगळ्या घराचं लक्ष तिच्यावर खिळलं आहे, ते साहजिक आहे. पण किडनीच्या कडेला बसलेली एवढीशी पांढरी गाठ सहसा लघवी लाल करत नाही. रक्त कुठून आलं, याचा शोध अजून लागलेलाच नाही.

मुतखडा सरकला की माणूस कळवळतो, एका जागी बसवत नाही. इन्फेक्शन असेल तर आग होते, सारखं जावं लागतं, कधी थंडी वाजून ताप येतो. यातलं काहीच नाही आणि लघवी मात्र लाल, हे जास्त गंभीरपणे घ्यायचं लक्षण आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, कुळथाचं कढण घेतात, पानफुटीची पानं खातात, आणि चार दिवसांनी लघवी स्वच्छ झाली की औषध लागू पडलं असं धरून चालतात. गाठीतून रक्त येतं ते असंच मधूनमधून. एक दिवस येतं, मग महिना-दोन महिने काही नाही. थांबलं याचा अर्थ बरं झालं असा होत नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला न दुखता, डोळ्यांना दिसेल इतकं रक्त एकदा जरी लघवीतून गेलं, तरी आत गाठ आहे असं धरून तपासायचं आणि ती नाही याची खात्री झाल्यावरच सोडायचं.

अँजिओप्लास्टी झाली आहे म्हणजे वडील बहुधा रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असणार, आणि 'त्या गोळीमुळेच झालं असेल' असं कुणीतरी सांगेलच. गोळीमुळे रक्त जास्त वाहू शकतं, पण वाहायला आधी जागा लागते. उलट, एरवी गप्प राहिली असती अशी लहान गाठ या गोळ्यांमुळे कधीकधी लवकर उघडकीला येते. तेव्हा गोळीकडे बोट दाखवून तपासणी टाळू नका, आणि घाबरून गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने ती अचानक बंद करणं धोक्याचं असतं. काय करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

विडी-सिगारेट आणि कारखाना हे दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. तंबाखूच्या धुरातली विषारी द्रव्यं रक्तातून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, तासन्‌तास साठून राहतात. धूम्रपान करणाऱ्याला मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका न करणाऱ्याच्या साधारण तिप्पट असतो. सोडल्यावर तो कमी होतो, पण पुरता जात नाही. रंग बनवताना लागणारी काही रसायनं, म्हणजे बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन ही मंडळी, हाच आजार घडवतात. फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ सालीच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या होत्या. संपर्क आणि गाठ यांच्यात वीस-तीस वर्षं जाऊ शकतात, त्यामुळे निवृत्त माणसाला जुनं खातं कोणतं होतं हे विचारावंच लागतं. आपल्या भागात, कळवा-ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत आणि तिकडे डोंबिवलीत, रसायनांच्या कारखान्यांत आयुष्य काढलेली माणसं घरोघर आहेत. तरी सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर 'पोटाची सोनोग्राफी' याच्या पलीकडे काही लिहिलेलं नसतं. वडील नेमक्या कोणत्या खात्यात होते, काय हाताळत होते, किती वर्षं, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांना द्या.

आता सोनोग्राफीत काय दिसतं ते. पडद्यावर पाणी काळं दिसतं, चरबी पांढरी आणि मांसल भाग करड्या छटांचा. निरोगी किडनीची बाहेरची साल यकृताइतकी किंवा त्याहून किंचित गडद असते आणि मधला गाभा चरबीमुळे पांढरा. पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, ओळखायला सोपी: आत पूर्ण काळं, भिंत जवळजवळ दिसतच नाही, आणि ध्वनिलहरी पाण्यातून अडथळ्याविना जात असल्याने गाठीमागचा भाग जास्त उजळ दिसतो. पन्नाशीनंतर अशा सिस्ट फार जणांना असतात, त्यांची भीती नको. पण सिस्टमध्ये जाड पडदे असतील, भिंतीला मांसल फुगवटा असेल, त्यात रक्तप्रवाह दिसत असेल, तर सीटी हवाच. अशा सिस्टची, कॅन्सरच्या शक्यतेनुसार आकडे देणारी वर्गवारी रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निएक यांनी १९८६ मध्ये मांडली आणि २०१९ मध्ये ती सुधारली गेली. ती सीटी आणि एमआरआयवर बेतलेली आहे. साध्या सोनोग्राफीवरून थेट बॉस्निएकचा आकडा लिहून टाकायची घाई मला पटत नाही. मशीनचा गेन, म्हणजे चित्र उजळ करण्याची पातळी, कमी ठेवला तर एखादी मांसल गाठही काळी, पाण्यासारखी भासते. अशा वेळी गाठीमागे उजळपणा आहे की नाही ते मी आधी बघते.

मांसल गाठ किडनीच्या सालीपेक्षा गडद असू शकते, पांढरी असू शकते किंवा अगदी तिच्याच रंगाची. तिसरी सगळ्यात फसवी. रंगात फरक नसल्याने तिची चाहूल फक्त आकारावरून लागते: किडनीची कड एका जागी फुगलेली, मधला पांढरा गाभा एका बाजूला रेटलेला. म्हणून किडनी उभी-आडवी दोन्ही छेदांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, श्वास रोखायला लावून आणि कुशीवर वळवून बघायची असते. डाव्या किडनीचं वरचं टोक बरगड्यांच्या आणि जठरातल्या हवेच्या आड राहतं. तिथे आणि मागच्या बाजूने बाहेर आलेल्या गाठी सहज निसटतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सोनोग्राफीत न दिसणं यात नवल काही नाही. 'गेल्या वर्षी नॉर्मल होतं' या वाक्याला किती वजन द्यायचं, ते यावरून ठरवा.

उलटही होतं, गाठ नसताना गाठ वाटते. किडनीच्या सालीचा एखादा जाड पट्टा आत गाभ्यापर्यंत उतरलेला असतो, त्याला बर्टिनचा स्तंभ म्हणतात. त्याचा रंग सालीसारखाच, तो सालीशी सलग, बाहेरची कड सरळ, आणि डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तवाहिन्या त्यातून नेहमीच्याच वाटेने जाताना दिसतात. डाव्या किडनीला प्लीहेच्या दाबामुळे एक उंचवटा आलेला असतो, तोही जन्मजात आणि निरुपद्रवी. मधुमेही रुग्णाला ताप आणि कुशीत दुखणं असेल तर किडनीतला सुजलेला तुकडा हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो. जुन्या मोठ्या खड्याभोवती सडलेली किडनी आणि किडनीचा क्षयरोग हे आपल्याकडचे आणखी दोन नकलाकार. ताप, मधुमेह, क्षयाचा इतिहास हे विचारल्याशिवाय नुसत्या चित्रावरून बोलू नये असं मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना सांगते.

तुमच्या वडिलांची गाठ पांढरी आहे. अँजिओमायोलायपोमा म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठ. चरबीमुळे ती किडनीच्या गाभ्याइतकी लख्ख पांढरी दिसते, आणि आकाराने मोठी झाली तरच रक्तस्रावाची काळजी करायची. जुना ठोकताळा ४ सेंटिमीटरचा आहे. मग अहवालात 'बहुधा' का? कारण तीन सेंटिमीटरच्या आतले किडनीचे कॅन्सर साधारण तीनातला एक या प्रमाणात असेच पांढरे दिसतात. गाठीभोवती बारीक काळी कडा असेल किंवा आत छोटे काळे पोकळ ठिपके असतील तर माझा कल कॅन्सरकडे जातो. गाठीमागे हलकी सावली पडत असेल तर चरबीच्या गाठीकडे. पण हे कलच. यातल्या कशावरही सही करून 'हे नक्की साधं आहे' असं सांगता येत नाही. सीटीत ते येतं, कारण सीटी घनता आकड्यात मोजतो. शिरेतून रंगद्रव्य (कॉन्ट्रास्ट) देण्याआधीच्या पातळ छेदांत गाठीच्या आतलं माप उणे १० हाउन्सफील्ड (हे त्या घनतेचं एकक) किंवा त्याखाली आलं, तर तिथे चरबी आहे, आणि प्रश्न जवळपास मिटला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर. म्हणूनच सीटी करताना 'आधीचे साधे छेदही घेतले आहेत ना' हे विचारून घ्या; थेट रंगद्रव्याचा सीटी केला तर हा आकडा गढूळ होतो.

आणि समजा चरबी सापडली नाही, तरी धीर सोडू नका. चार सेंटिमीटरच्या आतल्या मांसल गाठींपैकी साधारण पाचातली एक काढल्यावर साधीच निघते. ज्या कॅन्सरच्या असतात त्याही बहुतेक संथ, वर्षाला काही मिलिमीटरने वाढणाऱ्या. एवढ्या गाठीसाठी अख्खी किडनी काढायची वेळ सहसा येत नाही. गाठीपुरता भाग काढून किडनी वाचवता येते, आणि तब्येत नाजूक असेल तर काही जणांच्या बाबतीत ठरावीक काळाने तपासत नुसतं लक्ष ठेवणंही योग्य ठरतं.

मोठी मांसल गाठ दिसली की आम्ही तिथेच थांबत नाही. किडनीची शीर आणि पोटातली मोठी नीला, जिला इन्फिरिअर व्हेना कावा म्हणतात, ती हृदयाच्या दिशेने वरपर्यंत तपासतो, कारण किडनीचा कॅन्सर शिरेच्या आतून वाढत जाऊ शकतो आणि शस्त्रक्रियेचं सगळं नियोजन त्यावर ठरतं. प्रौढ पुरुषाच्या अंडकोषाच्या पिशवीत डाव्या बाजूला नव्याने शिरा फुगल्या आणि आडवं झाल्यावरही त्या ओसरल्या नाहीत, तर डावी किडनी बघायलाच हवी. १८ मिलिमीटरच्या गाठीत यातलं काही अपेक्षित नाही.

किडनीचा गाभा आणि मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी, इथे मात्र सोनोग्राफी दुबळी पडते. गाभ्यातल्या पांढऱ्या चरबीत एखादा करडा पुंजका, त्यामुळे फुगलेला एखादाच कप्पा, एवढ्यावर अंदाज बांधायचा असतो, आणि रक्ताची गुठळीही तशीच दिसते. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या हवेमागे लपतो. किडनी फुगलेली आहे पण खडा कुठेच सापडत नाही, अशा वेळी 'खडा पडून गेला असेल' म्हणून विषय संपवू नये. तिथे सीटी युरोग्राफी, म्हणजे रंगद्रव्य देऊन लघवीचा सगळा मार्ग दाखवणारा सीटी, लागते.

मूत्राशयाच्या बाबतीत सोनोग्राफी खरोखर उपयोगी आहे, पण पिशवी भरलेली असेल तरच. नीट भरलेल्या पिशवीची भिंत ताणून ३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि आत वाढलेलं काहीही काळ्या पाण्यात उठून दिसतं. अर्धवट भरलेल्या पिशवीच्या भिंतीला घड्या पडतात; लहान गाठ त्या घडीत लपते, किंवा घडीच गाठ वाटते. केंद्रांवर सकाळी काय होतं ते मी रोज बघते. 'उपाशीपोटी या' असं सांगितलं की लोक पाण्याचा थेंबही न घेता येतात. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटमुळे धरवत नाही, नंबर लागेपर्यंत ते एकदा जाऊन आलेले असतात. मग बाहेर पंधरा माणसं बसलेली असताना 'काका, चार ग्लास पाणी पिऊन तासभर थांबा' असं म्हणायला कुणी धजत नाही आणि कागदावर 'अर्धवट भरलेले' असं उमटतं. पोटाच्या सोनोग्राफीआधी साधं पाणी चालतं. बंदी खाण्याला असते, चहा-दुधाला असते.

मूत्राशयातली गाठ बहुधा अशी दिसते: भिंतीला चिकटलेला करडा फुगवटा, कडा गुळगुळीत नसून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी झालरदार, आणि बऱ्याचदा मूत्रवाहिनी जिथे उघडते त्या जागेच्या आसपास किंवा बाजूच्या भिंतीवर. मग मी रुग्णाला कुशीवर वळायला सांगते. खडा असेल तर तो घरंगळतो आणि मागे काळी सावली टाकतो. रक्ताची गुठळी बहुधा सरकते. गाठ जागची हलत नाही. नंतर डॉपलर, वेग मोजण्याची मर्यादा अगदी खाली आणून: गाठीच्या देठातून आत शिरणारी बारीक रक्तवाहिनी दिसली तर गुठळीचा प्रश्नच मिटतो, कारण गुठळीत रक्त वाहत नाही. न दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्याच वेळी तळाशी दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या वेळाने लघवीची रंगीत पिचकारी उडताना दिसते. एका बाजूची बराच वेळ थांबूनही आली नाही, तर त्या बाजूची वाट अडली असण्याची शंका येते आणि मी पुन्हा वर त्या किडनीकडे जाते.

प्रोस्टेटचा मधला भाग पिशवीत वर आलेला असला तर तो गाठीसारखा भासतो. उभ्या छेदात तो प्रोस्टेटशी सलग दिसला की उलगडा होतो. पिशवीची पुढची भिंत आणि छत हे प्रोबच्या अगदी जवळ असल्याने धूसर दिसतात, तिथल्या गाठी राहून जातात. भिंतीला फुटलेल्या कप्प्यात गाठ असेल तर तो कप्पा मुद्दाम शोधून बघावा लागतो. आणि काही कॅन्सर भिंतीवर सपाट, शेवाळ्यासारखे पसरतात. ते कितीही चांगल्या मशीनवर, कितीही भरलेल्या पिशवीत दिसत नाहीत, सीटीतही दिसत नाहीत. त्यासाठी दुर्बिणीने आत बघावं लागतं, तिला सिस्टोस्कोपी म्हणतात.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: सोनोग्राफीत गाठ दिसली तर ती खरी धरून पुढे जायचं, पण 'दिसली नाही' याला 'नाही' समजायचं नाही. वडिलांचं वय, विडी-सिगारेट, कारखाना आणि दोनदा गेलेलं रक्त हे सगळं जमेस धरता, पुढची सोनोग्राफी पूर्ण नॉर्मल आली तरी मी सिस्टोस्कोपी टाळू देणार नाही.

करायचं ते असं. या आठवड्यातच युरोलॉजिस्टना (मूत्रमार्गाच्या तज्ज्ञांना) भेटा, सीटीची तारीख मिळेपर्यंत ते थांबवू नका. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, ते ठीक असेल तर नुसता किडनीच्या गाठीपुरता सीटी न करता सीटी युरोग्राफी करा, म्हणजे किडनीतली गाठ, गाभा आणि मूत्रवाहिन्या एकाच तपासणीत बघून होतील. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सीटीच्या आधी सांगा. लघवीची साधी तपासणी, आणि युरोलॉजिस्ट सांगतील तर पेशींची तपासणीही. सिस्टोस्कोपी लवचीक दुर्बिणीने, नुसती बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत होते. वडील नको म्हणतील, तर त्यांना हे आधी समजावून सांगा. पुन्हा लाल लघवी झाली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसह. गुठळ्या होत्या का, सुरुवातीला लाल होती की शेवटी, हेही लिहा. गुठळ्यांनी लघवी अडलीच तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नका, थेट रुग्णालयात जा. पुढे काही निघालं आणि मोठ्या ठिकाणी दाखवावंसं वाटलं, तर तुम्हाला ऐरोलीहून परळच्या टाटा मेमोरियलपेक्षा त्यांचंच खारघरचं कॅन्सर केंद्र ॲक्ट्रेक सोयीचं पडेल. आधी कुठे नोंदणी करायची ते चौकशी करून घ्या.

भावंडांबद्दल. एका गाठीमुळे, तीही चौसष्टाव्या वर्षी दिसलेल्या, सगळ्या घराने सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. किडनीच्या गाठी घराण्यात चालतात तेव्हा त्या बहुधा कमी वयात येतात, दोन्ही किडन्यांत येतात, अनेक असतात, किंवा सोबत फिट्स, त्वचेवर विशिष्ट पुटकुळ्या, डोळ्यांचे-मेंदूचे आजार असतात. तसं काही निघालं तर युरोलॉजिस्ट स्वतःहून तुम्हाला बोलावतील. तुमचे धाकटे भाऊ त्याच पट्ट्यातल्या कारखान्यात आहेत आणि सिगारेट ओढतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांना आज सोनोग्राफीची गरज नाही. सिगारेट बंद करायची, कामावर हातमोजे आणि मास्क न चुकता वापरायचे, आणि लघवी एकदा जरी लाल दिसली तरी दुसऱ्या खेपेची वाट बघायची नाही, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा.